वेबच्या तंत्राने मोबाइल अ‍ॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतपेढ्या, दूध संकलन केंद्रं, शाळा आणि दुकानदार यांच्यासाठी मी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वापरून मोबाइल अ‍ॅप्स बनवतो. ज्या प्रश्नांची उत्तरं मला पुन्हा पुन्हा लिहावी लागली, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत. प्रश्न ८ पासून पुढचे प्रश्न अ‍ॅप बनवायला बसल्यावर अडलेल्यांसाठी.

१. वेबच्या तंत्राने अ‍ॅप बनवायचं म्हणजे नेमकं काय? ती वेबसाइटच नाही का?

मुळात वेबसाइटच असते, पण ती फोनमध्ये तीन प्रकारे राहू शकते.

पहिला प्रकार पीडब्ल्यूए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप. साइटला एक मॅनिफेस्ट फाइल (नाव, आयकॉन वगैरे सांगणारी) आणि एक सर्व्हिस वर्कर (पार्श्वभूमीत राहून पानं साठवणारी स्क्रिप्ट) जोडला की ती होम स्क्रीनवर आयकॉन होऊन बसते, ब्राउझरची पट्टी न दाखवता उघडते आणि नेट नसलं तरी सुरू होते. दुसरा प्रकार वेबव्ह्यूचा. इथे तुमची एचटीएमएल पानं अ‍ॅपच्या पॅकेजमध्येच भरलेली असतात आणि फोनमधला वेबव्ह्यू नावाचा घटक ती दाखवतो. कॅमेरा, संपर्कयादी, ब्लूटूथ अशा गोष्टींसाठी प्लगइन असतात. कॉर्डोव्हा आणि कॅपॅसिटर ही या कामाची साधनं. तिसरा प्रकार फक्त अँड्रॉइडवर चालतो, त्याचं नाव ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटी. त्यात प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप तुमची साइट थेट क्रोममध्ये, पण पत्त्याची पट्टी लपवून उघडतं.

तिन्ही प्रकारांत कोड जवळजवळ एकच राहतो. परवानग्या, साठवण आणि लॉगिन मात्र तिन्हींत वेगळे वागतात, आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच आले आहेत.

२. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि फ्लटर यातच मोडतात का?

नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये तुम्ही जावास्क्रिप्ट लिहिता, पण पडद्यावरची बटणं आणि याद्या फोनच्या स्वतःच्या असतात, तिथे एचटीएमएल नसतं. फ्लटरची भाषा डार्ट आहे आणि पडदा ते स्वतः रंगवतं. दोन्ही चांगली साधनं आहेत. तुमची साइट आधीच तयार असेल तर मात्र त्यासाठी पडदे नव्याने लिहावे लागतील.

३. फेसबुकनेच एचटीएमएल५ सोडलं होतं ना? मग आता त्याच वाटेला का जायचं?

हा प्रश्न मला बहुधा नेटिव्ह डेव्हलपर विचारतात, आणि तो रास्त आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की एचटीएमएल५ वर फार मोठी भिस्त ठेवणं ही कंपनीची मोठी चूक होती. त्याच बोलण्यात त्यांनी हेही सांगितलं होतं की फेसबुकच्या आयफोन आणि अँड्रॉइड अ‍ॅपच्या एकत्रित वापरकर्त्यांपेक्षा मोबाइल वेबवरचे रोजचे वापरकर्ते जास्त आहेत. हे दुसरं वाक्य कुणी सांगत नाही.

तेव्हाची तक्रार खरीच होती. त्या काळी आयफोनवर अ‍ॅपमधल्या पानांना यूआयवेबव्ह्यू वापरावा लागे, आणि सफारीत असलेलं वेगवान जावास्क्रिप्ट इंजिन त्याला मिळत नसे. २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर डब्ल्यूकेवेबव्ह्यू आला आणि ही अडचण संपली. अँड्रॉइडवर ४.४ पासून वेबव्ह्यू क्रोमियमवर आधारलेला झाला आणि ५.० पासून तो प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अपडेट होऊ लागला. त्याआधी फोन कंपनीने अपडेट दिलं नाही तर जुनाच वेबव्ह्यू वर्षानुवर्षं राहायचा. २०१२ चा निकाल २०१२ च्या फोनना लागू होता.

कल्पना त्याहूनही जुनी आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बाहेरच्या डेव्हलपरांसाठी वेब अ‍ॅप हाच मार्ग स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितला होता. अ‍ॅप स्टोअर उघडलं ते जुलै २००८ मध्ये. त्याच वर्षी फोनगॅप या वेबव्ह्यूच्या साधनाचा जन्म झाला, आणि पुढे अ‍ॅडोबीने तो विकत घेतल्यावर त्याचा कोड कॉर्डोव्हा या नावाने अपाची फाउंडेशनकडे गेला.

४. सात-आठ हजारांच्या फोनवर असं अ‍ॅप अडखळत चालतं. उपाय आहे का?

आहे, आणि बहुतेक वेळा दोष वेबव्ह्यूचा नसतो. माझ्याकडे आलेल्या संथ अ‍ॅप्समध्ये तीन कारणं कायम सापडली.

पहिलं कारण जावास्क्रिप्टचा ढीग. एका तारखेच्या कॅलेंडरसाठी अख्खी लायब्ररी, एका आलेखासाठी दुसरी. स्वस्त प्रोसेसरला ती उतरवण्यापेक्षा वाचून समजून घ्यायलाच जास्त वेळ लागतो. दुसरं कारण लांबलचक याद्या. हजार सभासदांची नावं एकदम पानावर ओतली की स्क्रोल अडकणारच, तेव्हा पडद्यावर दिसतात तेवढ्याच ओळी ठेवा. तिसरं कारण सरकत्या हालचाली. वस्तू हलवायला लेफ्ट, टॉप किंवा उंची बदलू नका, ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी एवढंच वापरा. त्या दोन्हींसाठी पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही. धूसर सावल्या आणि ब्लर स्वस्त फोनवर टाळा.

स्वतःच्या महागड्या फोनवर तपासणी करून समाधान मानू नका. ज्याच्यासाठी अ‍ॅप आहे त्याच्या फोनवर, त्यात गॅलरी भरलेली असताना, उन्हात उभं राहून चालवून बघा. उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत, हे ऑफिसात बसून कधीच कळत नाही.

५. पीडब्ल्यूए करू की कॅपॅसिटर?

कागद घ्या आणि फोनकडून काय काय हवं आहे ते लिहा. फोटो काढणं, अ‍ॅप उघडं असताना ठिकाण कळणं, सूचना पाठवणं, नेटशिवाय चालणं एवढंच असेल तर पीडब्ल्यूए पुरे. अ‍ॅप बंद असतानाही ठिकाण टिपायचं असेल, साधा ब्लूटूथ प्रिंटर जोडायचा असेल (प्रश्न १२), आयफोनवर ब्लूटूथ हवं असेल किंवा दोन्ही स्टोअरमध्ये अ‍ॅप दिसायलाच हवं असेल, तर कॅपॅसिटर.

यादी लिहिण्याआधी साधन निवडू नका. "सगळ्यांचं स्टोअरवर आहे, आमचंही हवं" या एका कारणावर संस्थांचा पैसा खर्च होताना पाहिला की मला वाईट वाटतं. वर्षातून दोनदा निकाल बघायला येणारा पालक शाळेचं अ‍ॅप फोनमध्ये ठेवत नाही. त्याला चांगली, हलकी साइट द्या.

मोठ्यांनीही हा धडा घेतला आहे. २०१५ मध्ये मिंत्राने साइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं होतं, पुढे साइट परत आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने फ्लिपकार्ट लाइट हे पीडब्ल्यूए आणलं. जगातल्या सुरुवातीच्या मोठ्या पीडब्ल्यूएंमध्ये त्याची गणना होते.

६. आयफोनवर पीडब्ल्यूए चालतं का?

चालतं, पण अ‍ॅपलच्या अटींवर. सर्व्हिस वर्कर आयफोनवर २०१८ मध्ये आयओएस ११.३ पासून आला आणि वेब पुश सूचना मार्च २०२३ मध्ये आयओएस १६.४ पासून. सूचना मिळण्यासाठी साइट आधी होम स्क्रीनवर जोडलेली असावी लागते, नुसत्या सफारीत उघडून चालत नाही. अँड्रॉइडसारखं "इन्स्टॉल करा" असं बटणही तुम्हाला देता येत नाही. शेअरचं चिन्ह दाबून होम स्क्रीनवर जोडायला वापरणाऱ्याला शिकवावं लागतं, त्यासाठी चित्रांसह एक पान करा.

साठवणुकीचंही भान ठेवा. सफारी सात दिवस वापर नसलेल्या साइटचा जावास्क्रिप्टने साठवलेला डेटा पुसते. होम स्क्रीनवर जोडलेल्या अ‍ॅपच्या वापराचे दिवस वेगळे मोजले जातात, त्यामुळे तिथे हा धोका फारसा नाही.

युरोपीय संघासाठी अ‍ॅपलने २०२४ च्या सुरुवातीला होम स्क्रीनवरची वेब अ‍ॅप्स काढून टाकायचं ठरवलं होतं. बराच विरोध झाल्यावर आयओएस १७.४ येण्याआधीच तो निर्णय मागे घेतला गेला. जर्मनी-नेदरलँड्समधल्या मराठी मंडळांचे लोक अजून त्याबद्दल विचारतात म्हणून लिहिलं.

७. स्टोअर असं अ‍ॅप घेतं का? खर्च किती येतो?

प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर आणि अ‍ॅपलला दर वर्षी ९९ डॉलर. आयफोनचं अ‍ॅप तयार करायला एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. मॅक नसेल तर भाड्याच्या क्लाउड सेवा आहेत.

अ‍ॅपलचा नियम ४.२ स्पष्ट सांगतो की नुसती गुंडाळलेली साइट चालणार नाही, अ‍ॅपने साइटपेक्षा जास्त काही द्यायला हवं. पानं पॅकेजमध्ये भरलेली असणं, नेटशिवाय चालणं, कॅमेरा किंवा सूचनांचा खरा उपयोग असणं यांनी फरक पडतो. प्ले स्टोअरवर ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटी चालते. त्यासाठी साइट आणि अ‍ॅप एकाच मालकाचे असल्याचा पुरावा म्हणून असेटलिंक्स नावाची जेसन फाइल साइटवर ठेवावी लागते. तिच्यातला अ‍ॅपच्या डिजिटल सहीचा ठसा चुकला की पत्त्याची पट्टी वर दिसायला लागते. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच चुकतात: प्ले स्टोअर अ‍ॅपवर स्वतःची सही करतं, आणि फाइलमध्ये डेव्हलपरच्या संगणकावरच्या सहीचा ठसा टाकलेला असतो.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्यांना आणखी एक अट आहे. किमान १२ जणांनी सलग १४ दिवस अ‍ॅपची चाचणी घेतल्याशिवाय ते सगळ्यांसाठी खुलं करता येत नाही. संस्थेच्या नावाने खातं असेल तर ही अट नाही. गणेशोत्सवाच्या आधी आठ दिवस अ‍ॅप करायला सांगणाऱ्या मंडळांनी हे आधी वाचावं.

८. गावात रेंज नसते. पैसे गोळा करण्याचं काम अशा अ‍ॅपवर टाकता येईल का?

येतं. पतपेढीच्या पिग्मी एजंटांसाठी मी हेच केलं आहे, आणि पहिल्या वेळी चुकलोही. एजंटाने पावती केली, नेट गेलं, त्याने पुन्हा बटण दाबलं, आणि संध्याकाळी सर्व्हरवर एकाच खात्यात दोनदा जमा. अ‍ॅप ऑफलाइन उघडणं सर्व्हिस वर्करने सहज साधतं. कठीण भाग नोंदींचा आहे.

आता मी असं करतो. पावती होताच फोनवरच तिला एक न बदलणारा क्रमांक मिळतो आणि ती इंडेक्सडीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसमध्ये, "पाठवायची आहे" अशा खुणेसह बसते. नेट आलं की ती पाठवली जाते. सर्व्हरला तोच क्रमांक पुन्हा दिसला तर तो नवी नोंद न करता जुन्याच नोंदीची पोच देतो. पोच आली की मगच खूण बदलायची. किती पावत्या पाठवायच्या राहिल्या हा आकडा एजंटाला सतत डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. तो पैशाचा हिशेब आहे आणि त्याची रात्रीची झोप त्यावर अवलंबून असते.

नेट आल्यावर आपोआप पाठवणारी बॅकग्राउंड सिंक ही सोय क्रोममध्ये आहे, सफारीत नाही. तिच्यावर विसंबू नका, अ‍ॅप उघडताक्षणी पाठवणी सुरू करा. लोकलस्टोरेज या ब्राउझरच्या साध्या साठवणीत पैशाच्या नोंदी ठेवू नका, जागा साधारण पाच एमबीच असते. अ‍ॅप कॅपॅसिटरचं असेल तर एसक्यूलाइट या फोनवरच्या डेटाबेसचं प्लगइन जास्त भरवशाचं.

९. गुगलने लॉगिन करताना "हा ब्राउझर सुरक्षित नाही" असं येतं. काय चुकलं?

वेबव्ह्यूमध्ये गुगल लॉगिन मुद्दाम बंद केलेलं आहे. वेबव्ह्यू ज्याच्या हातात, तो त्यात टाइप होणारा पासवर्ड वाचू शकतो, म्हणून हे योग्यच आहे. ब्राउझरची ओळख बदलून फसवण्याचे उपाय इंटरनेटवर सापडतील, ते करू नका. लॉगिन कस्टम टॅबमध्ये (अ‍ॅपवर उघडणाऱ्या खऱ्या ब्राउझरच्या टॅबमध्ये) किंवा आयफोनच्या लॉगिन सत्रात उघडा, नाहीतर नेटिव्ह लॉगिनचं प्लगइन वापरा. ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटीत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे खरा क्रोम असतो.

१०. यूपीआयचं बटण दाबलं की चुकीच्या पत्त्याचा एरर येतो. ओटीपीही आपोआप भरला जात नाही.

यूपीआयची लिंक एचटीटीपीएसने सुरू होत नाही, तिचा स्वतःचा उपसर्ग असतो. स्वतः लिहिलेल्या साध्या वेबव्ह्यूला तो कळत नाही. अशी लिंक दिसली की ती अँड्रॉइडकडे सोपवायची, हे नेटिव्ह बाजूच्या चार-पाच ओळींचं काम आहे. फोनवर कोणती यूपीआय अ‍ॅप्स आहेत हे दाखवायचं असेल तर अँड्रॉइड ११ पासून ती चौकशी अँड्रॉइड अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये आधी जाहीर करावी लागते. पैसे आले की नाही हे मात्र यूपीआय अ‍ॅपच्या परतीच्या उत्तरावरून ठरवू नका, पेमेंट गेटवेने तुमच्या सर्व्हरला कळवेपर्यंत थांबा.

ओटीपी आपोआप भरण्यासाठी एसएमएसची मांडणी ठरावीक लागते. अँड्रॉइड क्रोममध्ये शेवटच्या ओळीत तुमच्या साइटचा पत्ता आणि ओटीपी ठरलेल्या चिन्हांसह हवा. वेबव्ह्यू अ‍ॅपमध्ये एसएमएस रिट्रीव्हर (ओटीपी वाचणारी अँड्रॉइडची सोय) वापरायचा असेल तर संदेशात अकरा अक्षरांची खूण हवी. भारतात एसएमएसचा नमुना डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, म्हणून ही ओळ नमुना नोंदवतानाच त्यात घाला. नंतर घालायची तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागते.

११. मराठी मजकुराचे वेगळे त्रास आहेत का?

आहेत, आणि इंग्रजीत अ‍ॅप तयार करून शेवटी मराठी चिकटवणाऱ्यांना ते सगळे भोगावे लागतात.

लांबी: जावास्क्रिप्टच्या हिशेबाने "क्षत्रिय" हा शब्द आठ लांबीचा आहे, आपण वाचतो तीन अक्षरं. नावाला दहाची मर्यादा घातली की मराठी माणसाचं नाव मध्येच तुटतं. मजकूर कोडने कापला तर शेवटी लटकता हलंत उरतो, तेव्हा कापण्याचं काम सीएसएसकडे द्या. अक्षरं मोजायलाच हवीत तर जावास्क्रिप्टमधल्या इंटलचा सेगमेंटर वापरा. मात्र जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुने फोन वेगळा आकडा देतात.

शोध: "कऱ्हाड" दोन प्रकारे टाइप होतं. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, कुणी साध्या र नंतर हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला वेगळी. युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची पद्धत हा फरक मिटवत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं स्वतः एकाच रूपात आणा, नाहीतर सभासद यादीत असूनही सापडत नाही.

आकडे: मराठी भारत असा लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिला की रक्कम १,२३,४५६ अशी देवनागरीत आणि आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह येते. सुंदर दिसते. पण तीच पुन्हा संख्या म्हणून वाचायला गेलात तर जावास्क्रिप्ट ती संख्याच मानत नाही. दाखवायचा आकडा आणि साठवायचा आकडा कायम वेगळे ठेवा.

कळफलक: अँड्रॉइडच्या कळफलकावर की-डाउन या कळ दाबल्याच्या घटनेला बहुतेक कळींसाठी २२९ हा एकच आकडा मिळतो. प्रत्येक कळ तपासून चालणारा कोड इथे कोसळतो. इनपुट ही घटना ऐका.

आणि पानाची भाषा मराठी असल्याचं एचटीएमएल टॅगवर जरूर लिहा. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. एका शब्दाचं काम आहे, आणि ते पाहून शिक्षकांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

१२. ब्लूटूथ पावती प्रिंटर वेबवरून चालेल का?

वेब ब्लूटूथ फक्त लो एनर्जी उपकरणांशी बोलतं. बाजारातले स्वस्त प्रिंटर बऱ्याचदा जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर चालतात. भरवशाचा मार्ग कॅपॅसिटर किंवा कॉर्डोव्हाचं प्लगइन. खरेदीआधी दुकानदाराकडून प्रिंटरचा प्रकार विचारून घ्या, विशेषतः आयफोन वापरणारे असतील तर.

अशा प्रिंटरमध्ये बहुधा देवनागरी नसते, प्रश्नचिन्हं छापली जातात. पावती कॅनव्हासवर रंगवून चित्र म्हणून पाठवा. ५८ मिलिमीटरच्या कागदावर सहसा ३८४ ठिपक्यांची रुंदी मिळते. त्याच मापाचं चित्र केलं की अक्षरं स्पष्ट येतात.

१३. दुरुस्ती केली की दर वेळी स्टोअरची वाट पाहावी लागते का?

पीडब्ल्यूए आणि ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटीत नाही, साइट बदलली की झालं. कॅपॅसिटरमध्ये एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची दुरुस्ती थेट पाठवता येते. अ‍ॅपल ते चालवून घेतं, पण अ‍ॅपचा मूळ उद्देश त्यातून बदलता कामा नये. नवीन प्लगइन किंवा नवी परवानगी असेल तर स्टोअरमधूनच जावं लागतं.

१४. ब्राउझरमध्ये सगळं ठीक, फोनमध्ये पांढरा पडदा. कुठे शोधू?

आधी फोन केबलने जोडा. अँड्रॉइडसाठी क्रोमचं इन्स्पेक्ट पान आणि आयफोनसाठी मॅकवरच्या सफारीचा डेव्हलप मेनू, दोन्हींत वेबव्ह्यूच्या आतला कन्सोल दिसतो. आयओएस १६.४ पासून तुमच्या वेबव्ह्यूला तपासणीची परवानगी कोडमध्ये स्वतः द्यावी लागते, म्हणून मेनूत अ‍ॅप दिसत नसेल तर घाबरू नका.

मग हे क्रमाने बघा: फाइलींचे मार्ग तिरक्या रेघेने सुरू होऊन चुकीच्या ठिकाणी जातात का, जावास्क्रिप्ट जुन्या वेबव्ह्यूला न कळणारं आहे का, सर्व्हरचा पत्ता साध्या एचटीटीपीचा आहे का (अँड्रॉइड ९ पासून तो आपोआप अडवला जातो). पडदा दिसतो पण माहिती येत नाही, असं असेल तर सीओआरएस तपासा, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरून आलेल्या मागण्यांना सर्व्हर परवानगी देतो का ते. कॅपॅसिटरचं अ‍ॅप तुमच्या डोमेनवरून येत नाही, ते लोकलहोस्टवरून येतं, आणि आयफोनवर त्याचा उपसर्गही वेगळा असतो. दोन्ही मूळ पत्ते सर्व्हरच्या यादीत घाला.

१५. कॅपॅसिटरची आवृत्ती वाढवली आणि सगळे वापरकर्ते लॉगआउट झाले. साठवलेली माहितीही दिसत नाही.

माहिती पुसली गेलेली नाही, पत्ता बदलला आहे. कॅपॅसिटरच्या ६ व्या आवृत्तीत अँड्रॉइडचा मूळ उपसर्ग एचटीटीपीवरून एचटीटीपीएस झाला. वेबव्ह्यूच्या दृष्टीने ही वेगळी साइट आहे, म्हणून कुकी, लोकलस्टोरेज, इंडेक्सडीबी सगळं रिकामं दिसतं. अपडेट पाठवून झालं असेल तर घाईघाईने लोकांना अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगू नका, तसं केलं तर जुनी साठवण खरोखर जाईल. कॉन्फिगमध्ये उपसर्ग पुन्हा एचटीटीपी करा, नवी आवृत्ती पाठवा, न पाठवलेल्या नोंदी सर्व्हरवर आल्याची खात्री करा (प्रश्न ८ मधली खूण इथे कामाला येते) आणि त्यानंतरच एचटीटीपीएसकडे वळा. मधल्या दिवसांत नव्या उपसर्गाखाली झालेल्या नोंदीही अशाच अडकलेल्या असतात. त्या पाठवायचं राहून जाऊ नये म्हणून दोन्ही पत्त्यांच्या नोंदी एजंटाच्या कागदी पावतीपुस्तकाशी ताडून बघा.